चर्चिल वाचताना : एक छंद आणि वर्गातला एक प्रश्न



मुलांनी वाचावं असं आपल्या सगळ्यांनाच वाटतं. पण नुसतं 'वाचा, वाचा' म्हणण्यापेक्षा आपण स्वतः काय आवडीनं वाचतो हे मुलांना सांगितलं, तर त्याचा उपयोग जास्त होतो, असा माझा अनुभव आहे. म्हणून आज माझ्या एका छंदाबद्दल लिहिते. गेली काही वर्षं मी विन्स्टन चर्चिल या माणसाबद्दल मिळेल ते वाचते आहे. त्याची चरित्रं, भाषणं, आईला लिहिलेली पत्रं आणि त्याच्यावर कडक टीका करणारी पुस्तकंसुद्धा.

सुरुवात साधीच झाली. वि. ग. कानिटकरांचं 'नाझी भस्मासुराचा उदयास्त' वाचून संपवलं. हिटलर कळला, पण त्याच्यासमोर पाय रोवून उभा राहिलेला माणूस कोण, कुठला, हे जाणून घ्यावंसं वाटलं. तिथून जे वाचायला लागले ते अजून संपलेलं नाही. इतिहास शिकवणारीला हा माणूस टाळताही येत नाही. क्रिप्स योजना शिकवा, छोडो भारत चळवळ शिकवा, पलीकडे ब्रिटनच्या पंतप्रधानपदावर चर्चिलच बसलेला असतो.

या वाचनातून मला शिक्षक म्हणून काय मिळालं आणि त्यातलं वर्गात काय नेता येतं, ते आज सांगते.

१. खालच्या वर्गात अडकलेला मुलगा

चर्चिलचा जन्म ३० नोव्हेंबर १८७४ रोजी ब्लेनहाइम राजवाड्यात झाला. घराणं मोठं, वडील लॉर्ड रँडॉल्फ नावाजलेले राजकारणी, आई अमेरिकन. पण पोराच्या वाट्याला दोघंही फारसे आले नाहीत. शाळेतून आईला लिहिलेल्या पत्रांत 'भेटायला ये' ही विनवणी पुन्हा पुन्हा दिसते. त्याला माया मिळाली ती मिसेस एव्हरेस्ट या दाईकडून. ती १८९५ मध्ये वारली, तेव्हा तिच्या कबरीवर दगड उभारला तो विन्स्टन आणि त्याच्या भावानं.

हॅरोच्या शाळेत तो लॅटिनमध्ये कच्चा होता, त्यामुळे सगळ्यात खालच्या तुकडीत बराच काळ राहिला. हुशार मुलं लॅटिन आणि ग्रीककडे गेली, 'मठ्ठ' मुलांना फक्त इंग्रजी शिकवायचं ठरलं. ते शिकवायला होते सॉमरव्हेल नावाचे शिक्षक. ते एक लांबलचक वाक्य घ्यायचे आणि काळ्या, लाल, निळ्या, हिरव्या शाईनं त्याचे भाग पाडून दाखवायचे. म्हणजे आपण व्याकरणात शिकवतो तेच वाक्यपृथक्करण, पण रंगीत! खालच्या वर्गात जास्त दिवस राहिल्यामुळे चर्चिलनं हे दुसऱ्यांपेक्षा जास्त वेळा गिरवलं. इंग्रजी वाक्याची घडण हाडात भिनली ती तिथे, असं त्यानं 'माय अर्ली लाइफ' या १९३० च्या आत्मचरित्रात कृतज्ञतेनं सांगितलं आहे. याच मुलाला पुढे १९५३ मध्ये साहित्याचं नोबेल मिळालं.

आणि हा मुलगा 'ढ' होता का? याच शाळेत त्यानं मेकॉलेच्या काव्याच्या १२०० ओळी न चुकता तोंडपाठ म्हणून बक्षीस मिळवलं होतं. आपल्या वर्गातही असं पोर असतंच. गणिताच्या तासाला मान खाली, आणि गणेशोत्सवात अख्खं नाटक पाठ.

पुढे सँडहर्स्टच्या लष्करी महाविद्यालयाची प्रवेशपरीक्षा तो तिसऱ्या प्रयत्नात, १८९३ मध्ये पास झाला. पण पायदळासाठी लागणारे गुण नव्हते, घोडदळ मिळालं. वडिलांनी अभिनंदन केलं नाही. तू असाच राहिलास तर वाया जाशील, अशा अर्थाचं बोचरं पत्र पाठवलं. दीड वर्षानं वडील गेले. मुलगा पुढे काय झाला ते त्यांनी पाहिलंच नाही. पालकांनो, हे पत्र मी निकालाच्या दिवसांत मुद्दाम आठवते.

२. ससून डॉक ते बंगळूर

आता आपल्या जवळची गोष्ट. ऑक्टोबर १८९६ मध्ये २१ वर्षांचा लेफ्टनंट चर्चिल आपल्या पलटणीबरोबर मुंबईला आला. किनाऱ्यावर जायची घाई, म्हणून लहान होडीतून ससून डॉकला आला. दगडी पायऱ्यांना लावलेली लोखंडी कडी त्यानं हातात धरली आणि नेमकी त्याच वेळी लाटेनं होडी खाली गेली. उजवा खांदा निखळला. हे दुखणं त्याला जन्मभर पुरलं. पोलो खेळताना तो दंड अंगाला बांधून घ्यायचा, आणि १८९८ मध्ये सुदानात ओमदुरमानच्या लढाईत तलवारीऐवजी त्यानं पिस्तूल वापरलं ते या खांद्यामुळेच. कुलाब्याच्या ज्या ससून डॉकला आपण मासळीचा बाजार म्हणून ओळखतो, तिथे ही गोष्ट घडली. मुलांना हे सांगितलं की लंडनचा चर्चिल एकदम जवळचा वाटायला लागतो.

मुंबईहून पुण्याच्या छावणीत आणि तिथून बंगळूरला. सकाळी कवायत, संध्याकाळी पोलो, मधली दुपार रिकामी. बहुतेक अधिकारी ती झोपून घालवत. चर्चिलला मात्र जाणवलं की आपण विद्यापीठाचं तोंड पाहिलेलं नाही, मोठमोठे शब्द वापरतो पण त्यांचा अर्थ धड माहीत नाही. त्यानं आईला पुस्तकं पाठवायला सांगितलं. पेट्या येऊ लागल्या. गिबनचा रोमन साम्राज्याचा इतिहास, मेकॉले, प्लेटो, ॲरिस्टॉटल, डार्विन, माल्थस. बंगळूरच्या उन्हात रोज चार-चार, पाच-पाच तास तो वाचत बसे. बंगळूर क्लबच्या जुन्या वहीत त्याच्या नावावर न फेडलेले १३ रुपये आजही दाखवतात. पैशांची उधारी राहिली, पण दुपारचा वेळ मात्र त्यानं वसूल केला!

३. आधी आपलं मत लिहा, मग वाचा

बंगळूरच्या या वाचनातली एक गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते. आईनं त्याला 'ॲन्युअल रजिस्टर'चे खंड पाठवले होते. त्यांत ब्रिटिश संसदेतल्या जुन्या वादविवादांचा वर्षवार गोषवारा असे. तो वाचायची त्याची पद्धत १८९७ च्या एका पत्रात दिली आहे. एखाद्या प्रश्नावरचा वाद वाचण्याआधी तो स्वतःचं मत कागदावर लिहून काढी. मग दोन्ही बाजूंची भाषणं वाची. आणि नंतर आपलं मत पुन्हा तपासून लिही.

किती साधी पद्धत आहे! पण तिच्यात मोठी ताकद आहे. आधी मत लिहिलं की वाचणारा जागा होतो. समोरचा मुद्दा आपल्याला पटतोय की खुपतोय हे कळतं. आणि मत बदललं तर कशामुळे बदललं, हेही दिसतं. आपण वर्गात बरेचदा उलट करतो. आधी धडा, मग स्वाध्याय, मग 'तुमचे मत लिहा'. तोवर मुलांचं मत पुस्तकाचंच झालेलं असतं.

४. मे १९४० : पाच माणसांची खोली

या छंदातलं माझं सगळ्यात आवडतं प्रकरण म्हणजे मे १९४०. कितीही वेळा वाचलं तरी अंगावर काटा येतो.

१० मे रोजी चर्चिल पंतप्रधान झाला, त्याच दिवशी जर्मनीनं पश्चिमेकडे हल्ला चढवला. दोन आठवड्यांत फ्रान्स कोलमडायला लागला आणि ब्रिटनचं सैन्य डंकर्कच्या किनाऱ्यावर कोंडलं गेलं. २६ ते २८ मे या तीन दिवसांत लंडनमध्ये पाच जणांचं युद्धमंत्रिमंडळ पुन्हा पुन्हा बसत होतं. प्रश्न एकच. इटलीच्या मुसोलिनीला मध्ये घालून तहाच्या अटी काय मिळतात ते पाहायचं, की लढत राहायचं?

त्या पाच जणांची नावं पाहा. पहिला चर्चिल. दुसरा आधीचा पंतप्रधान नेव्हिल चेंबरलेन. तिसरा परराष्ट्रमंत्री लॉर्ड हॅलिफॅक्स. चौथा मजूर पक्षाचा क्लेमंट ॲटली आणि पाचवा त्याच पक्षाचा आर्थर ग्रीनवुड.

हॅलिफॅक्स म्हणजे कोण? आपण १९३१ चा गांधी-आयर्विन करार शिकवतो ना, तोच आयर्विन. हिंदुस्थानातून परत गेल्यावर पुढे त्याला हॅलिफॅक्स ही पदवी मिळाली. आणि ॲटली? 'सायमन परत जा' म्हणून आपल्याकडे ज्या आयोगाला काळे झेंडे दाखवले, त्या आयोगाचा तो सदस्य होता, आणि १९४७ मध्ये तोच पंतप्रधान असताना आपल्याला स्वातंत्र्य मिळालं.

हे कळलं त्या दिवशी मी पुस्तक मिटून नुसती बसून राहिले. जो आयर्विन गांधीजींशी समोरासमोर बसून बोलायला तयार झाला, तोच आता देशाचं स्वातंत्र्य शाबूत राहत असेल तर अटी विचारून पाहू म्हणत होता. आणि ज्या चर्चिलनं तेव्हा त्या बोलण्यांवर आग पाखडली, गांधीजींचा 'अर्धनग्न फकीर' असा हिणकस उल्लेख केला, तोच आता हिटलरशी बोलणी नकोत म्हणून अडून बसला होता. एकाचा समंजसपणा आणि दुसऱ्याचा हट्ट, दोन्ही जुनेच होते. प्रसंग बदलला होता.

२८ मे रोजी संध्याकाळी चर्चिलनं बाकीच्या सुमारे २५ मंत्र्यांना बोलावलं आणि आपण लढणार असं सांगितलं. त्यांनी जोरदार पाठिंबा दिला. तहाचा विषय तिथे मागे पडला. ४ जूनपर्यंत डंकर्कहून ३ लाख ३८ हजारांवर सैनिक सुटून आले. देश आनंदात असतानाच, माघार घेऊन युद्धं जिंकता येत नाहीत, हेही त्यानं संसदेत बजावलं.

त्याच्या भाषणांबद्दल एक गोष्ट वक्तृत्व स्पर्धेची तयारी करून घेणाऱ्या शिक्षकांसाठी. चर्चिलला 'स'चा उच्चार नीट जमत नसे. १९०४ मध्ये संसदेत बोलताना त्याचा धागा तुटला, पुढचं काही आठवेना आणि तो खाली बसला. त्यानंतर तो टिपणांशिवाय उभा राहिला नाही. भाषण आधी बोलून टंकून घ्यायचं, ओळी कवितेसारख्या तोडून मांडायच्या, कुठे थांबायचं ते कागदावरच दिसलं पाहिजे. ऐकणाऱ्यांना जे उत्स्फूर्त वाटे, त्यामागे तासन्‌तास घासाघीस असे.

५. वर्गातला प्रश्न

हे सगळं मी रंगून सांगत होते, तेव्हा आठवीतल्या एका मुलानं विचारलं, "मॅडम, पण त्याच्यामुळे बंगालमध्ये माणसं उपाशी मेली ना? मग तुम्ही त्याच्याबद्दल एवढं का वाचता?"

प्रश्न अगदी बरोबर होता. १९४३ चा बंगालचा दुष्काळ हा चर्चिल वाचणाऱ्या भारतीयाला ओलांडून जाता येत नाही. १९४५ च्या सरकारी चौकशी आयोगानं मृतांचा आकडा सुमारे १५ लाख धरला, नंतरच्या अभ्यासकांनी तो ३० लाखांपर्यंत नेला.

कारणं एकापेक्षा जास्त होती. मार्च १९४२ मध्ये रंगून जपानच्या हाती गेलं आणि ब्रह्मदेशाचा तांदूळ बंद झाला. जपानी बंगालमध्ये उतरतील या भीतीनं सरकारनं किनारी भागातला तांदूळ उचलला आणि होड्या काढून घेतल्या. होड्या गेल्या म्हणजे कोळ्यांचं पोट गेलं, बाजार गेला. ऑक्टोबर १९४२ मध्ये मेदिनीपूरला चक्रीवादळ झालं. युद्धखर्चामुळे भाव भडकले, शेजारच्या प्रांतांनी धान्य बाहेर जाऊ देईना. अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या आपल्या पुस्तकात दाखवलं की केवळ धान्य कमी पडलं म्हणून माणसं मेली नाहीत, भूमिहीन मजूर आणि कोळी यांच्या हातात ते विकत घेण्याची ताकद उरली नव्हती.

मग लंडनचं काय? दिल्लीहून धान्याची मागणी पुन्हा पुन्हा गेली. भारतमंत्री एमरी आणि नवा व्हाइसरॉय वेव्हेल यांनी पाठपुरावा केला. युद्धमंत्रिमंडळानं जहाजं नाहीत म्हणून मागणीपेक्षा फार कमी पाठवलं. भारतीयांबद्दल चर्चिल त्या बैठकांत किती तुच्छतेनं बोलला, हे त्याच्याच सहकाऱ्यानं, एमरीनं, रोजनिशीत लिहून ठेवलं आहे. मधुश्री मुखर्जी यांच्या २०१० मधल्या पुस्तकात हा आरोप सविस्तर मांडला आहे. दुसऱ्या बाजूनं चर्चिलचे पाठीराखे सांगतात की एप्रिल १९४४ मध्ये त्यानं अमेरिकेच्या रूझवेल्टकडे धान्यासाठी जहाजं मागितली होती आणि ती नाकारली गेली. हेही खरं आहे. पण तोपर्यंत लाखो माणसं गेली होती.

माझं मत विचाराल तर सांगते. जहाजांची टंचाई खरी होती, पण टंचाईत कुणाला आधी आणि कुणाला नंतर, हे माणसंच ठरवतात. त्या क्रमात बंगाल फार खाली होता, आणि त्याची जबाबदारी क्रम ठरवणाऱ्यांच्या प्रमुखाला झटकता येत नाही. त्याच काळात सुमारे २५ लाख भारतीय सैनिक ब्रिटनच्या बाजूनं लढत होते. रायगड जिल्ह्यातल्या माणगाव भागातले यशवंत घाडगे १९४४ मध्ये इटलीत लढताना पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

त्या मुलाला मी सांगितलं, "बाळा, एखाद्याबद्दल वाचणं म्हणजे त्याची आरती ओवाळणं नाही. १९४० मधला आणि १९४३ मधला माणूस एकच आहे. आपल्याला आवडतं तेवढंच वाचून थांबलो, तर तो आपल्याला कळलाच नाही." जो हट्ट आपल्या उपयोगी पडतो त्याला आपण चिकाटी म्हणतो. तोच हट्ट आपल्यावर उलटला की त्याचं खरं रूप दिसतं. थोर माणसं शिकवताना ही गोष्ट मुलांपासून लपवू नये असं मला वाटतं.

६. दोन तासिकांचा उपक्रम

चर्चिलची बंगळूरची पद्धत मग मी चर्चिललाच लावली. आठवी ते दहावीसाठी हा उपक्रम चांगला चालतो.

१) वहीच्या पानाचे तीन भाग करा : आधीचं मत, पुरावा, नंतरचं मत.

२) प्रश्न फळ्यावर लिहा : 'चर्चिलला थोर नेता म्हणावं का?' पाच मिनिटांत प्रत्येकानं पहिला भाग भरायचा. कुणाला विचारायचं नाही.

३) वर्गाचे चार गट करा आणि एकेक चिठ्ठी द्या : मे १९४० ची बैठक, डंकर्क आणि भाषणं, गांधीजींना आणि स्वातंत्र्याला असलेला त्याचा विरोध, बंगालचा दुष्काळ. चिठ्ठीत फक्त घटना आणि तारखा असाव्यात, विशेषणं नकोत.

४) गटांनी एकमेकांना माहिती सांगायची. ऐकताना प्रत्येकानं दुसरा भाग भरायचा.

५) दुसऱ्या तासिकेला तिसरा भाग लिहायचा. 'माझं मत बदललं / बदललं नाही, कारण...' अशी सुरुवात ठेवा.

६) गुण मताला देऊ नका, कारणाला द्या.

माझ्या वर्गातल्या एका मुलीनं तिसऱ्या भागात लिहिलं होतं, की तो शूर होता, पण त्याचं शौर्य आपल्यासाठी नव्हतं. मला याहून चांगलं उत्तर सुचलं नसतं.

हाच तक्ता कोणत्याही ऐतिहासिक व्यक्तीसाठी वापरता येतो. मात्र ज्यांच्याबद्दल घरोघरी भावना तीव्र आहेत अशी नावं एकदम घेऊ नका. दूरच्या माणसावर सराव झाला की मुलं जवळच्या माणसांबद्दलही शांतपणे विचार करू शकतात.

७. मोबाइलवरचा चर्चिल

जाता जाता पालकांसाठी. आपल्या मोबाइलवर चर्चिल वरचेवर येतो आणि बरेचदा खोटा येतो.

शेतकरी फ्लेमिंगनं लहानग्या चर्चिलला दलदलीतून वाचवलं, मग चर्चिलच्या वडिलांनी शेतकऱ्याच्या मुलाला शिकवलं, त्यानं पेनिसिलिन शोधलं आणि त्यानंच पुढे चर्चिलचा जीव वाचला, ही गोष्ट तुम्हीही वाचली असेल. छान आहे, पण घडलेली नाही. खुद्द अलेक्झांडर फ्लेमिंगनंच ती कपोलकल्पित म्हटली होती. डिसेंबर १९४३ मध्ये चर्चिलला न्यूमोनिया झाला तेव्हा त्याच्यावर सल्फा गटातल्या औषधानं उपचार झाले.

स्वातंत्र्य दिलं तर भारताची सत्ता बदमाश आणि लुटारूंच्या हाती जाईल, हे त्याच्या नावावरचं 'भाषण' दर निवडणुकीत फिरतं. ब्रिटिश संसदेच्या छापील नोंदींत ते सापडत नाही. भारताबद्दल तो वाईट बोलला याचे खरे पुरावे भरपूर असताना खोट्याची गरजच काय?

असा संदेश आला की मुलांना जवळ घ्या आणि तीन गोष्टी एकत्र शोधा : हे कधी म्हटलं, कुठे म्हटलं, आणि कुणी लिहून ठेवलं? दहा मिनिटांचं काम आहे. इतिहासाचा यापेक्षा चांगला गृहपाठ मला माहीत नाही.

तुम्हीही एखादी व्यक्ती निवडा आणि वर्षभर तिच्याबद्दल वाचा. पहिलं पुस्तक त्या व्यक्तीवर प्रेम करणाऱ्याचं घ्या, दुसरं तिच्यावर टीका करणाऱ्याचं. आणि दोन्ही उघडण्याआधी एका कागदावर आपलं आजचं मत तारखेसह लिहून पुस्तकात ठेवून द्या. वर्षानं तो कागद मुलांसमोर उघडा.